तिसरी खुंटी

"माझी सावली कुठंय?"

घरी निघताना घाईताईने स्वयंपाकघरात येऊन विचारलं. त्या घराच्या मागच्या दाराशी सहा खुंट्या होत्या. सकाळी कामाला येणाऱ्याने टाचेपाशी सावली सोडवायची, झटकायची, खुंटीला अडकवायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. नोकरांच्या सावल्या चकचकीत फरशीवर पडलेल्या मालकीणबाईंना मुळीच खपत नसत. संध्याकाळी आपापली घालून घरी! चपला काढाव्यात तितकं सोपं. घाईताई पंचवीस वर्षं हेच करत होती.

आज तिसरी खुंटी रिकामी होती.

"माझ्याकडे काय बघतेस? तळून खाल्ली नाही मी," आचारी म्हणाला. मग आवाज उतरवून, "दिवाणखान्यात बघ. पडदा धुवायला गेलाय ना."

घाईताई तशीच दिवाणखान्याकडे धावली. घरी आईला आता चेहरे दिसत नव्हते, फक्त उजेड आणि अंधार. लेकीची सावली अंथरुणावर पडली की म्हातारी विचारायची, "आलीस?" मगच घास घ्यायची. दुसऱ्या कुणाच्या सावलीला ती फसत नसे.

दिवाणखान्यात तीन पाहुण्या चहा पीत होत्या. पश्चिमेच्या खिडकीवर चार खिळे ठोकून घाईताईची सावली ताणून बसवली होती.

"तुमच्याकडची माणसं किती वर्षं टिकतात हो!"

"घरच्यासारखंच वागवते मी," खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मालकीणबाई मधाळ हसल्या.

"बाईसाहेब, माझी सावली."

"उद्या ने गं. एका दिवसाने काय बिघडतंय?"

"आई जेवायची नाही."

"मग राहू दे की उपाशी!"

सगळा मध एका वाक्यात संपला. कुणाची तरी कपबशी किणकिणली. घाईताई स्टुलावर चढली. एक खिळा, दोन, तीन.

"नको!" मालकीणबाई किंचाळल्या. तो राग नव्हता. भीती होती, चक्क भीती! पण सावली टर्रकन फाटून हातात आली होती.

ऊन धाडकन आत घुसलं. समोरच्या भिंतीवर पाहुण्यांच्या तीन सावल्या पडल्या, कपांसकट, कपांतल्या वाफेसकट. त्यांच्या मधोमध उंच पाठीच्या खुर्चीची सावली.

सावलीतली खुर्ची रिकामी होती.

"घ्या ना, चहा घ्या," मालकीणबाई म्हणत राहिल्या. त्यांच्याकडे बघायची कुणाची छातीच होईना. घाईताईने स्टूल जागच्या जागी ठेवलं आणि सावली खांद्यावर टाकून ती निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच, घाई न करता.

घरी उंबऱ्याबाहेर तिने सावली टाचेला लावली. पाठीमागे गल्लीतला दिवा लागला होता. आईने मान वळवली. डोळे बारीक केले.

"आलीस?"

"हो गं."

"आज विरळ पडलीस. खांद्यापाशी उजेड येतोय."

म्हातारीने उशीखालून सुईची डबी काढली.

"दोरा तेवढा ओवून दे," ती म्हणाली आणि सावलीचं टोक मांडीवर ओढून बोटांनी फाटलेली जागा शोधू लागली.