खुर्चीच्या पाठीवर राहिलेला कोट

मी एक काळा कोट बोलतोय. फार निरखून पाहू नका, माझी कोपरं घासून गुळगुळीत झालीत. पण नोकरी शोधत असाल तर घटकाभर टेका इथे. आमच्या इमारतीतल्या बहुतेक मुलाखतींना मी जाऊन आलोय. शिवाय स्वभावाने मी चौकस, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या अंगावर जाईन, त्याच्या खिशातलंही मला कळतं आणि छातीतलंही.

मला शिवलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकांसाठी. शिंपी माप घेत होता तेव्हा काकू मध्येच म्हणाल्या, "जरा सैलच ठेवा हो. माणूस काय, भरतो पुढे." काका काही भरले नाहीत. एक लग्न आणि एक निरोपसमारंभ झाला आणि मी कपाटात गेलो, डांबरगोळ्यांच्या संगतीला.

मग तळमजल्यावरच्या वायरमनच्या भावाला मुलाखतीचं बोलावणं आलं. त्याच्याकडे कोट नव्हता, काकूंनी मला दिलं. त्याला नोकरी लागली. पुढे शिवणकाम करणाऱ्या ताईंचा भाचा मला घालून गेला, त्यालाही लागली. झालं! मी 'नशिबाचा कोट' झालो. ज्यांना नाही लागली, त्यांची आठवण कुणी ठेवली नाही.

काकूंनी दोन नियम केले. कोट न्यायला येणाऱ्याने आधी बसून चहा घ्यायचा, म्हणजे काकूंना त्याच्या घरातलं सगळं विचारता येई. आणि कोट कधीही धुवायचा नाही. "नशीब पाण्याबरोबर वाहून गेलं तर?" त्या डोळे मोठे करून विचारायच्या. त्यामुळे इमारतीतल्या सगळ्यांचा घाम माझ्यात मुरला, आणि वरून डांबरगोळ्या.

काकूंच्या समोरच्या दारात मीटरभाऊ राहतात. ते घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे, म्हणून हे नाव. मग नवे मीटर आले. ते आपला आकडा आपणच कळवतात. भाऊंना घरी बसावं लागलं. घरात वहिनी, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी.

वहिनींच्या भावाचं दूरच्या गावी दुकान आहे. तो म्हणाला, "दाजी, इकडे या. गल्ल्यावर बसा, वरची खोली देतो." माणूस चांगला आहे, पण बोलताना 'देतो' हा शब्द जरा जोरात उच्चारतो. मुलीने तर ऐन वर्षात शाळा बदलायची म्हटल्यावर जेवण सोडलं होतं. भाऊ कुणालाच काही बोलले नाहीत. पण मला घालताना त्यांनी खांदे असे आत ओढले, की मला सगळं समजलं.

त्यांनी एकच अर्ज दिसेल तिथे पाठवला होता. जागा कसलीही असो, मजकूर तोच. एवढ्या अर्जांतून एका कुरियर कंपनीने बोलावलं, आणि आम्ही दोघं गेलो.

समोरच्या बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं आणि लगेच शिंकल्या. माझ्यामुळे! भाऊ म्हणाले, "सॉरी." बाई पुन्हा शिंकल्या. पुन्हा "सॉरी."

"स्वतःबद्दल सांगा," नाकाला रुमाल लावून बाई म्हणाल्या.

भाऊंनी पाठ केलेलं सुरू केलं, "मी मेहनती, प्रामाणिक, वेळेचा पक्का..."

"तसे सगळेच असतात हो. एखादा प्रसंग सांगा ना."

माझी बाही त्यांच्या बोटांवर उतरत होती, ती ते वर ओढत राहिले. सगळं लक्ष त्या बाहीत.

"तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही नाही, काहीच नाही," म्हणून ते इतक्या घाईने उठले की खुर्ची आडवी झाली.

घरी आल्यावर काकू दारातच उभ्या. "काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

"म्हणजे गेलं," काकू म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

वहिनी मला भाऊंच्या अंगावरून उतरवत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, रोज घरी येऊन आम्हाला इतकं सांगायचात, ते तिथे का नाही सांगितलं? ते काठी घेऊन अंगावर आलेले आजोबा? बिल जास्त आलं म्हणून? तुम्ही त्यांच्याबरोबर खोल्याखोल्यांतून हिंडलात, कपाटामागे चालू राहिलेला हीटर सापडला, आणि मग ते तुम्हाला सोडेनातच."

"ते काय सांगायचं? ते तर काम होतं."

"मग ते दुसरं काय विचारतायत? तुमचं कामच ना!"

भाऊ वहिनींकडे बघतच राहिले. मीही. इतक्या मुलाखती पाहिल्या, पण मला हे कधी सुचलं नव्हतं.

त्यानंतर काकूंच्या घरी तालीम सुरू झाली. काकू साहेब होऊन खुर्चीत बसल्या, भाऊ समोर. काकूंचा पहिलाच प्रश्न, "घरी तुमची भांडणं होतात का?"

"काकू, असं नाही विचारत तिथे."

"तिथे नसतील विचारत. मला माहीत करून घ्यायचंय!"

हसता हसता भाऊंचा आवाज मोकळा झाला. ते घडलेलं सांगू लागले: माणूस का चिडला होता, आपण काय केलं, शेवटी काय झालं. पाठांतर सुटलं. अर्जही त्यांनी नव्याने लिहिला, एकाच जागेसाठी. एका मोठ्या गृहसंकुलाच्या कार्यालयात रहिवाशांच्या तक्रारी ऐकून घेणारा माणूस हवा होता. आदल्या दिवशी भाऊ ती जागा पाहून आले, आणि फाटकावरच्या वॉचमनला विचारून आले की लोक सर्वांत जास्त कशावर चिडतात.

पण मुलाखतीच्या सकाळीच मेहुण्याचा फोन आला. "दाजी, आज संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगा. दुसरा माणूस दारात उभा आहे. मलाही दुकान चालवायचंय." भाऊ "बरं" म्हणाले. मुलगी दप्तर घेऊन दाराशी थांबली होती. बुटाचे बंद उगाच पुन्हा पुन्हा बांधत राहिली.

आम्ही लवकर पोहोचलो. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या, आणि आमच्या आधी आलेली माणसं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भाऊंनी फोनचा आवाज बंद केला. त्यांचं काळीज माझ्या अस्तरावर धडका देत होतं. बाही पुन्हा बोटांवर आली. ती त्यांनी वर ओढली, पुन्हा आली, पुन्हा ओढली. मग ते एकदम थांबले. उभे राहिले, मला काढलं, खुर्चीच्या पाठीवर ठेवलं आणि शर्टाच्या बाह्या नीट केल्या.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भीतीही वाटली. आजवर कुणी मला दाराबाहेर ठेवलं नव्हतं. माझ्याशिवाय हा माणूस आत काय करणार?

नाव पुकारलं. भाऊ गेले. दार पायपुसण्यात अडकून जरासं उघडं राहिलं, तिथून मी कान लावला.

"आधीची नोकरी का सुटली?"

आता हे वीज कंपनीला शिव्या घालणार, असं मला वाटलं. काकूंसमोर भरपूर घातल्या होत्या. पण भाऊ म्हणाले, "मीटर बदलले. माझं काम यंत्र करू लागलं. चिडलेल्या माणसाशी बोलायचं काम मात्र अजून यंत्राला जमत नाही, म्हणून इथे अर्ज केला."

आत कुणीतरी हसलं. मग काठीवाले आजोबा आले, हीटर आला. मग कॉम्प्युटरवर तक्रारी नोंदवता येतात का, असा प्रश्न आला. मी श्वास रोखला.

"नाही येत," भाऊ म्हणाले. "मुलगी शिकवतेय. नाव आणि घर क्रमांक भरण्यापर्यंत आलोय."

आत कागद चाळल्याचा आवाज. मग, "ठीक आहे, चार-पाच दिवसांत कळवू. तुम्हाला काही विचारायचंय?"

इथेच सगळे चुकतात हो! नोकरी लागलेला वायरमनचा भाऊ, ताईंचा भाचासुद्धा, सगळे याच ठिकाणी "नाही नाही" म्हणत उठलेत. भिडेपोटी. आपण विचारलं तर आगाऊपणा वाटेल म्हणून.

"आहे," भाऊ म्हणाले. "मला आज संध्याकाळी दुसऱ्या एका ठिकाणी उत्तर द्यायचंय. मला हेच काम करायचंय. आज काही अंदाज देता येईल का? नाही असेल तर नाही सांगा, वाईट वाटून घेणार नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज. "बाहेर थांबा जरा."

भाऊ येऊन बसले. त्यांची पाठ माझ्यावर टेकली, घामाने चिंब. उरलेली माणसं आत जाऊन आली, निघून गेली. खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं. खिशातला फोन थरथरला. मेहुणा. भाऊंनी तो हातात धरला, बघत राहिले, आणि उचलला.

"अरे, अजून संध्याकाळ व्हायचीय," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

दार उघडलं. "या."

यावेळी दार पक्कं लागलं. मला काही ऐकू येईना. मी नुसता लोंबकळत होतो. इतका सैल मी कधीच नव्हतो.

दार पुन्हा उघडलं, भाऊ बाहेर आले, आणि माझ्याकडे न बघता सरळ जिन्याकडे गेले. हाक मारायला मला तोंड नाही. मग जिन्यातून आवाज आला, "अगं ऐक. तिला सांग, शाळा बदलायची नाही. हो. हो, खरंच. रडतेस काय वेडे! आणि तुझ्या भावाला मीच फोन करतो, नीट सांगतो त्याला."

रात्रभर मी त्या खुर्चीवरच राहिलो. दुसऱ्या दिवशी भाऊ धावत मला न्यायला आले, आणि घरी न नेता वाटेतल्या लॉन्ड्रीत दिलं. काकूंनी केवढा आरडाओरडा केला! "अरे, सगळं नशीब धुतलंस की!"

"काकू," भाऊ हसत म्हणाले, "त्यात फक्त घाम होता."

आता मी स्वच्छ आहे, हलका आहे. कपाटात डांबरगोळ्या नाहीत. काकूंचा चहा आणि चौकशा चालूच आहेत, पण मला देताना त्या हल्ली नवीन एक वाक्य जोडतात, "घालून जा बाबा, पण आत तूच जा."

तर उद्या तुमची पाळी असेल, तर मला जरूर न्या. रस्त्यात गार लागलं तर उपयोगी पडेन. दाराशी मात्र मला काढून ठेवा. मी बाहेर थांबेन, कान लावून. आणि परत निघताना आनंदात मला विसरलात, तर मला मुळीच राग येणार नाही.