शंभराची रेघ

चित्रलेखा गेल्याचं कळलं तेव्हा पद्माकर घोसाळकर सिडनीतल्या कॅसल हिलच्या घरी, गॅरेजमध्ये, प्लास्टिकच्या छोट्या विमानाचा उजवा पंख घासत बसला होता. २०२१ चा मे महिना, मंगळवार, दुपारचे तीन. पुण्याहून मेहुण्याचा, चंद्रहासचा, फोन आला.

"भावोजी, बसलाय ना तुम्ही?"

"बसलोय."

"ताई गेली. सकाळी सहाला. ऑक्सिजन लावला होता, पण..."

पद्माकर "बरं" म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने फोन ठेवला, पॉलिश पेपर उचलला आणि पंखाची कड अंधार पडेपर्यंत घासली. मग मुलीला सांगायला हवं हे आठवलं. रुचा कॅनबेराला, गुंगालिनमध्ये राहायची. तोवर तिला मामाने कळवलं होतं.

चित्रलेखा आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली होती, सहा आठवड्यांचं तिकीट काढून. मार्चमध्ये विमानं बंद झाली. आई गेली. चित्रलेखाचं तिकीट रद्द झालं, पुन्हा काढलं, पुन्हा रद्द झालं. शेवटचं यंदाच्या मेच्या सात तारखेचं होतं. त्याआधीच ऑस्ट्रेलियाच्या सरकारने जाहीर केलं की भारतातून कोणी आलं तर तो गुन्हा. ती इथली नागरिक, घर इथलं, नवरा इथला, आणि घरी येणं गुन्हा! पद्माकरने टीव्ही बंद केला तो पुन्हा लावलाच नाही.

तो मूळचा नौदलातला. गोव्यात दाबोळीला समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानांचा मेकॅनिक होता. चित्रलेखा तिथल्याच ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, ड्रॉइंगं गिरवून उतरवणारी. तो ड्रॉइंग न्यायला आला की ती खिडकीतूनच म्हणायची, "अहो घोसाळकर, आधी हात पुसा." लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी ती त्याला घोसाळकरच म्हणायची.

सिडनीत आल्यावर दोघांनी मिळून एक छंद धरला. ब्रिटिशांनी गस्तीसाठी आखलेली, पण कधीच न बांधलेली विमानं. कुठल्या तरी जुन्या मासिकात तळहाताएवढं चित्र सापडायचं. चित्रलेखा त्यावरून बहात्तराव्या हिश्शाचं ड्रॉइंग काढायची आणि पद्माकर प्लास्टिकच्या शीटमधून ते विमान कापून, घासून, चिकटवून उभं करायचा. विमानांची मॉडेलं करणाऱ्यांच्या त्यांच्या क्लबातले बाकीचे लोक खोक्यातले तयार भाग जोडायचे. एकदा पद्माकर सहज म्हणाला होता, "न बांधलेलं विमान बरं. चुकलं तरी कोण विचारणार?"

ती भडकली होती. "असं कसं? दुसऱ्या विमानाचं ड्रॉइंग चुकलं तर म्युझियममध्ये जाऊन मोजता येतं. ह्याचं ड्रॉइंग हेच विमान. हे चुकलं तर काहीच उरलं नाही."

म्हणून ती प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात बरोबर शंभर मिलिमीटरची एक रेघ काढायची आणि खाली लिहायची: आधी ही रेघ मोजा.

या वेळचं विमान चार इंजिनांचं होतं, पन्नासच्या दशकातलं. उजव्या पंखाखाली सर्चलाइट होता म्हणून दोन्ही पंखांची ड्रॉइंगं वेगळी. डाव्याचं ती जाण्याआधीच काढून झालं होतं आणि दुकानातून छापून आणलं होतं. उजव्याचं तिने पुण्यात काढलं, स्कॅन करून ईमेल केलं, आणि पद्माकरने ते घरच्या प्रिंटरवर छापलं. पंख कापून डाव्याशेजारी ठेवला तर सात मिलिमीटरने आखूड.

एप्रिलच्या शेवटी त्याने तिला फोन केला. त्याच दिवशी तिकिटाची काहीतरी नवीन भानगड झाली होती. राग एअरलाइनवर होता, निघाला तिच्यावर.

"तुझं ड्रॉइंग सात मिलिमीटर कमी आहे."

"रेघ मोजलीत?"

"मोजली."

ती म्हणाली, "मग माझंच चुकलं असेल हो. डोळे दमतात हल्ली. पुन्हा काढून पाठवते."

दोन दिवसांनी तिला ताप आला. नवीन ड्रॉइंग काही आलं नाही; पद्माकरने पुढे तोच आखूड पंख घासून विमानाला चिकटवला.

त्याने रेघ मोजली नव्हती.

ती त्याने मोजली जुलैमध्ये. सिडनी पुन्हा बंद झालं होतं आणि क्लबची स्पर्धा ऑनलाइन होती. विमान, शेजारी ड्रॉइंग, वर स्टीलची पट्टी, असे फोटो पाठवायचे होते. त्याने पंखाच्या कागदावर पट्टी ठेवली. कोपऱ्यातल्या रेघेवर ठेवली. सत्त्याण्णव. परत ठेवली. सत्त्याण्णवच. कागदात बसावं म्हणून प्रिंटरने सगळं चित्र तीन टक्के लहान केलं होतं. चित्रलेखाचं काही चुकलं नव्हतं. आणि स्वतःचं चुकलं असं समजूनच ती गेली.

तो गॅरेजमधल्या स्टुलावर बसला. बऱ्याच वेळाने त्याने फोटो काढले, पट्टीसकट, जसेच्या तसे, आणि पाठवून दिले.

रविवारी दुपारी क्लबची झूम मीटिंग होती. सेक्रेटरी कीथ सत्तरीचा, एअर फोर्समधून रिटायर झालेला. स्क्रीनवर त्याचं फक्त कपाळ दिसत होतं.

"पॅड, मेट," तो म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. तुझं विमान आठवणींच्या विभागात ठेवू. खाली तिचं नाव, तिचा फोटो. परीक्षण नाही. त्या विभागात कोणी पट्टी लावत नाही."

"का नाही लावत?"

कीथ अडखळला. "अरे, उजवा पंख थोडा... तू पाहिलंच असशील. सात मिल. कोणाला कशाला कळायला हवं?"

मग शैलेंद्र बोलला. बेला व्हिस्टाला राहणारा, आयटीतला, क्लबातला दुसरा मराठी माणूस. तो मराठीतच म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. काकू वर्षभर तिकडे अडकलेल्या, वय झालेलं, त्यात आजारपण. एखादी रेघ इकडची तिकडे होते. चालतं."

"काय चालतं?"

"नाही, म्हणजे..."

"शैलेंद्र, तिने चाळीस वर्षं रेघा काढल्या. एक इकडची तिकडे झाली नाही. मी चुकीची काढून दाखव म्हटलं असतं तरी तिला तशी काढता आली नसती."

बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं. पद्माकरने कागद उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि रेघेवर पट्टी ठेवली. पुढचं तो इंग्रजीत बोलला, त्याच्या ओबडधोबड वर्कशॉपच्या इंग्रजीत.

"कीथ, ही रेघ शंभर हवी. सत्त्याण्णव आहे. प्रिंटर माझा, चूक माझी. तिने मला विचारलं, मोजलीत का. मी हो म्हणालो. खोटं बोललो. तिला वाटलं तीच चुकली, आणि ती गेली. आता तुम्ही फुलं ठेवून तेच पुन्हा म्हणणार?"

"मेट, तसं कोणी म्हणत नाहीये."

"पट्टी न लावणं म्हणजे तेच. तिच्या कामाला पट्टी लावा. तिला सवलत नको. आयुष्यात कोणाकडून घेतली नाही, आता मेल्यावर घेणार नाही. विमान माझ्यामुळे बाद आहे, तर बाद करा. 'बिल्डरची चूक' असं लिहा. ड्रॉइंग बरोबर, हेही लिहा."

कीथने चष्मा काढून पुसला. कपाळाखालचा चेहरा पहिल्यांदाच दिसला. "एवढ्या वर्षांत कोणी स्वतःचं विमान बाद करायला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "लिहितो."

शैलेंद्र हळूच म्हणाला, "सॉरी, काका."

"सॉरी कागदाला म्हण," पद्माकर म्हणाला, पण आवाजातली धार गेली होती.

थोड्या वेळाने रुचाचा फोन आला.

"बाबा, बॉर्डर उघडली की तुम्ही इकडे कॅनबेराला या. फॉर गुड. त्या घरात एकटे काय करणार? गॅरेज भरून ठेवलंय नुसतं. आय कॅन हेल्प यू पॅक."

"पॅक काही करायचं नाही."

"आई नाहीये आता, बाबा."

"माहितीये मला. तिचं ड्रॉइंग आहे. तेवढं विमान पुरं केल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"आणि ते झाल्यावर?"

"तिने आणखी दोन काढून ठेवलीत."

रुचा रडता रडता हसली. "यू आर इम्पॉसिबल."

"हे तुझ्या आईकडून आलंय. माझं काही नाही."

फोन ठेवून तो गॅरेजमध्ये गेला. उजवा पंख बुडाशी धरला आणि वाकवला. लगेच तुटला नाही, चिकटवला चांगला होता. दुसऱ्यांदा जोर लावल्यावर कट्‌कन निघून आला. तुटलेला पंख त्याने फेकला नाही. त्यावर मार्करने '९७' लिहिलं आणि बाकाच्या वर, समोरच दिसेल असा, खिळ्याला अडकवला.

मग त्याने चित्रलेखाची ईमेल उघडली. विषयाच्या जागी तिने 'उजवा पंख, घोसाळकरांसाठी' असं लिहिलं होतं. प्रिंटरच्या खिडकीत 'कागदात बसवा' वर बरोबरची खूण होती, ती काढली. कागद बाहेर आला. पद्माकरने हात पुसले, पट्टी घेतली आणि सगळ्यात आधी कोपऱ्यातली रेघ मोजली.

शंभर.

बाकावर एका पंखाचं विमान आहे. उजवा पंख अजून कापायचा आहे.