जिभेखालची दहा मिनिटं

"आ करा. जीभ वर. आता डावा गाल. उजवा. बास."

रोज सकाळी साडेआठला तुरुंगाच्या दवाखान्यात तिची ही पूजा सुरू व्हायची. बाकावर आठ कैदी, हात गुडघ्यांवर, तोंडं मिटलेली, आणि प्रत्येकाच्या जिभेखाली एक पांढरी गोळी. नशेची तलफ शमवणारी ही गोळी गिळायची नसते, जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची असते. त्याला दहा मिनिटं लागतात. आणि तेवढ्या वेळात ती गालाच्या कोपऱ्यात सरकवून बराकीत नेता येते, तिथं तिला गिऱ्हाइकांची वाण नसते. म्हणून समोर ती उभी. व्यसनमुक्ती विभागाची प्रमुख म्हणायचं. मानसशास्त्रातली पदवी कपाटात आणि हातात टॉर्च.

"मॅडम, एवढ्या आत आलाच आहात तर दाढ पण बघून घ्या," पोपट म्हणाला. सगळ्यात बडबड्या म्हणून त्याला हे नाव पडलं होतं.

"दाढ राहू दे. डॉक्टरांना सांगून जीभच काढून घेते."

बाक खिदळला. फक्त शेवटी बसलेले मास्तर हसले नाहीत. ते तोंडात गोळी असताना कधीच हसत नसत. एकेकाळी शाळेत शिकवायचे. आधी बाटली, मग पुड्या, आणि एका संध्याकाळी नशेत गाडी चालवून त्यांनी एका माणसाला जन्माचं अधू केलं. त्याची शिक्षा भोगत होते. ती समोर यायच्या आत ते स्वतःच आ करायचे. ती टॉर्च भुर्रकन फिरवून पुढं व्हायची. बापाच्या वयाच्या माणसाच्या तोंडात किती डोकवायचं?

शुक्रवारी त्यांच्या सुटकेवर समिती बसणार होती. सगळे कागद तयार होते, अडलं होतं ते तिच्या अहवालाशी. मास्तरांनी मुलीचं पत्र तिला दोनदा दाखवलं होतं. मुलीला आठवा महिना होता. पत्रात एवढंच होतं, 'बाबा, या. पण कोरे या. बाटली नको, पुडी नको, गोळीही नको.'

मंगळवारी शिपायानं तिच्या टेबलावर साबणाची एक डबी आणून ठेवली.

"बराकीच्या संडासात, टाकीच्या मागं सापडली. बघा तुमच्या लेकरांचे प्रताप."

डबीत अकरा गोळ्या होत्या. अर्ध्यामुर्ध्या विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

त्या क्षणापासून तिचं डोकं कोळ्यासारखं जाळं विणू लागलं. पोपट? तो चोरी करेल, पण अकरा दिवस तोंड बंद ठेवणं त्याच्या बापजन्मात जमायचं नाही. गोळ्या वाटणारी सिस्टर? औषधाच्या कपाटाची किल्ली तिच्याच खिशात असते. पण मग गोळ्या ओल्या कशा? आणि हा शिपाई एरवी टेबलावरचा स्वतःचा चष्मा शोधायला दहा मिनिटं घेतो, त्याला टाकीमागची डबी बरी दिसली! शिवाय अकराच्या अकरा शिल्लक का? विकायच्या असत्या तर एक तरी गेली असती.

"कुणाची असेल?" तिनं सिस्टरला विचारलं.

"मला काय माहीत?" सिस्टर फणकारली. "माझ्याकडं असं बघू नका बाई. माझं पण तोंड तपासायचंय का?"

तिनं नकारार्थी मान हलवली, पण बघायचं ते बघितलंच.

संशयाचा हा रोग घरीही आला होता. तीन वर्षांच्या लेकानं तापाची गोळी गालात धरून उशीखाली थुंकली, तेव्हापासून ती त्यालाही आ करायला लावी. नवरा म्हणायचा, "मला पण रांगेत बसव. ऑफिसला उशीर झाला तर तुझी चिठ्ठी दाखवीन."

बुधवारी सकाळी ती लेकाचे दात घासत होती. शेजारी सासूबाई नळाखाली कवळी धूत होत्या. एकदम थांबल्या.

"अगं बाई! ही इथं मुक्कामाला होय!"

कवळीच्या आतल्या बाजूला, टाळूला बसतो त्या खोलगट भागात, रक्तदाबाची कालची गोळी पांढरी फटक चिकटून बसली होती.

"काल गिळली की गं मी. पाणी पण प्यायले."

"आई, तुम्हाला तोंडात काही जाणवलं नाही?"

"कवळीखाली हत्ती बसला तरी कळायचं नाही मला."

ती ब्रश हातात धरून तशीच उभी राहिली. मास्तर. मास्तरांना वरची कवळी होती. जीभ, गाल, हिरड्या, सगळं ती बघत होती, पण 'कवळी काढा' हे दोन शब्द गेल्या आठ महिन्यांत तिच्या तोंडातून निघाले नव्हते. संकोच! आठजणांतल्या सातांवर संशय घ्यायचा आणि आठव्याशी रीतभात पाळायची, ही अक्कल तिचीच.

साडेआठला बाक भरला. दहा मिनिटं झाली. तिनं सातजणांना बघितलं, परत पाठवलं आणि मास्तरांसमोर उभी राहिली.

"मास्तर, कवळी काढा."

दारातला शिपाई वळून बघू लागला. मास्तरांचे कान लाल झाले.

"सगळ्यांसमोर, मॅडम?"

"सगळे गेले. काढा."

त्यांनी पाठ फिरवली, कवळी काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. गाल एकदम आत गेले, म्हातारपण दहा वर्षांनी वाढलं. कवळीच्या खोलगट भागात गोळी होती.

"डबी तुमचीच?"

मास्तरांनी मान डोलावली.

"कुणाला विकत होता?"

"विकत नव्हतो." दातांविना शब्द फुसफुसत होते. "शपथ घेतो. तपासणी करा."

तिनं तपासणी केली. लघवीची बाटली शिपायासमोर भरून घेतली, गरम आहे की नाही ते हात लावून बघितलं, पट्टी दोनदा बुडवली. औषधाचा अंश अगदी थोडा. नशेचा कसलाच नाही. म्हणजे अकरा दिवस हा माणूस स्वतःच्याच मनानं औषध तोडत होता.

"का?"

"लेकीनं लिहिलंय ना. गोळीही नको. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, हळूहळू कमी करू, चार महिने लागतील. मला शुक्रवारी जायचंय."

तरी संशयाची ती बारीक सुई टोचतच राहिली. तिनं डबी पुढं सरकवली.

"नको होत्या, तर संडासातच होतात की तुम्ही. पाणी ओतलं की गेल्या असत्या. ठेवल्या कशाला?"

मास्तरांनी डबीकडं बघितलं.

"हात धजला नाही," ते म्हणाले. "वाटलं, न जाणो... लागली तर."

"आणि बाहेर लागली तर काय घ्याल, मास्तर?"



तिला माहीत होतं ते तिनं सांगितलं. औषध असं अर्धवट तोडून बाहेर पडलेला माणूस पहिल्याच मोहाला जुन्या मापानं नशा घेतो, आणि शरीराला ते माप आता पेलत नाही. गेल्या वर्षी तिच्या सहीनं बाहेर गेलेला एकजण नवव्या दिवशी असाच दगावला होता. त्याची आई तिला विचारायला आली होती, "तुम्ही तर बरा झाला म्हणालात?"

"मी लिहिणार आहे," ती म्हणाली. "सगळं. विकल्या नाहीत, हेही. नशा नाही, हेही. आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध कमी होईपर्यंत सुटका नको, हेही."

"म्हणजे बाळ झाल्यावर."

"हो."

"तुमचा माझ्यावर विश्वासच नाही ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिनं टॉर्च खिशात टाकला.

"नाही."

मास्तरांनी कवळी उचलली, धुतली आणि न बघता निघून गेले. दारातला शिपाई पुटपुटला, "म्हाताऱ्याचा जीव घेतलात." तिनं ऐकलं.

शुक्रवारी समितीनं तारीख पुढं ढकलली. दुपारी तिनं मास्तरांच्या परवानगीनं मुलीला फोन लावला. मुलगी आधी रडली, मग तापली. ती ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "तुमच्या पत्रातली एक ओळ बदलाल का? गोळीसकट या, असं लिहा. डॉक्टर सांगतील तोपर्यंत." पलीकडून फोन बंद झाला. मुलगी लिहील की नाही, देव जाणे. तिचा मुलीवरही विश्वास नव्हता.

सोमवारी सकाळी बाकावर आठजण होते. मास्तर येणार नाहीत अशी तिची खात्री होती, पण ते शेवटच्या जागी बसले होते, डोळे जमिनीवर. सिस्टरनं गोळ्या वाटायला सुरुवात केली.

"थांबा," मास्तर म्हणाले.

सातही माना वळल्या. मास्तरांनी सगळ्यांदेखत कवळी काढली, ट्रेमध्ये उपडी ठेवली, आणि बोळकं उघडून जीभ वर केली.



गोळी जिभेखाली गेली. तिनं घड्याळात बघितलं, टॉर्च पेटवला आणि मास्तरांसमोर दहा मिनिटं उभी राहिली. पूर्ण दहा.