अकरा वर्षांचं ‘हो’

लोकांची अडलेली कुलपं चुटकीसरशी उघडणारा कुलूपवाला स्वतःच्या दाराला कुलूप लावून निघाला, की जिन्यातच थबकायचा.

“गॅस बंद केलास ना गं?”

“हो, बघितलाय मी,” बायको म्हणायची. दिवसातून सात-आठदा. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडायचा.

तिसऱ्या भेटीत समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवलं आणि नेमकं त्या ‘हो’वर बोट ठेवलं. “हा भीतीचा खुराक आहे. तो बंद करा. भीती चढेल आणि आपली आपण उतरेलही.”

आज जिन्यात त्याने विचारलं. बायको गप्प. पुन्हा विचारलं. शर्ट घामाने भिजला, तो मटकन पायरीवर बसला. “अगं, एकदा हो म्हण ना! तुझं काय जातंय?”

बायकोचा बांध फुटला. “काय जातंय? अकरा वर्षं नुसतं हो म्हणतेय. एकदाही बघितलेलं नाही!”

त्याने वळून वर आपल्या दाराकडे पाहिलं. अकरा वर्षं घर जागच्या जागी उभं होतं.

“आणि... आज?” त्याने हळूच विचारलं.

बायको त्याच्या शेजारी पायरीवर बसली. बोलली मात्र नाही.