थोडं थोडं तासणारी व्हिटल

मित्रांनो, मी इंग्लंडातल्या शेफील्डची सुरी. आता माझं पातं करंगळीएवढं उरलं आहे, त्यामुळे मला बघून कुणाला काही वाटत नाही. पण माझ्या जातीचं नाव फार जुनं आहे बरं का. आमच्याकडच्या जुन्या बोलीत लाकूड तासण्याला एक शब्द होता. त्यावरून तासायच्या सुरीला 'थ्विटल' म्हणू लागले आणि बोलता बोलता झिजून त्याचं 'व्हिटल' झालं. पुढे लोकांनी माझ्या नावाचं क्रियापद केलं. काठी तासणं म्हणजे व्हिटल करणं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण खर्च असो, पगार असो की माणसं, थोडं थोडं करून काहीही कमी करायचं म्हटलं, की इंग्रज माणूस माझंच नाव घेतो. एका घावात तोडण्याला हा शब्द चालत नाही. तो हळूहळू कमी होण्याचा शब्द आहे. त्याचा खरा अर्थ मी एनॉक स्टॅनिफर्थच्या घरात शिकले.

एनॉक नदीकाठच्या कारखान्यात जेवणाचे काटे घासायचा. पाण्याच्या जोरावर दगडी चाक फिरे आणि त्याच्यामागे लाकडी घोडीवर टांग टाकून तो दिवसभर ओणवा बसे. सुऱ्या ओल्या चाकावर घासतात, काटे कोरड्या. मला त्याने लग्नाच्या वर्षी लोहाराकडून कच्ची आणली आणि हौसेने आपल्या कोरड्या चाकावरच घासली. ठिणग्या उडाल्या, धूळ उडाली आणि मी लखलखले. केवढा अभिमान वाटला मला! माझ्यातून जे कमी झालं ते कुठे गेलं, हे मी तेव्हा मनातही आणलं नाही. ते एनॉकच्या छातीत गेलं होतं.

घरात माझा मान मोठा होता. पाव, चीज, उकडलेलं मटण, सगळं माझ्याकडेच. एनॉकची बायको लवकर वारली. मग केझाया नावाची त्याची मुलगी घर बघू लागली. तिच्यासाठी त्याने माझ्या पात्याने तासून कपडे वाळत घालायचे चिमटे केले होते. रविवारी तो मला दगडावर परजायचा तेव्हा ती समोर बसून वटाणे सोलायची. ते दिवस सुखाचे होते.

केझाया पंधरा वर्षांची झाली तेव्हा धूळ ओढून घेणाऱ्या पंख्याच्या पेट्या गावात आल्या. एनॉक घासणाऱ्यांच्या मंडळाचा पुढारी होता. त्याने सगळ्यांना बजावलं, पेटी लावायची नाही.

"बाबा, बसवून घे ना," केझाया म्हणाली. "कसा खोकतोस ते ऐकतोस का स्वतः?"

"आणि मग? धूळ गेली की घासणारे म्हातारे होईपर्यंत जगतील. एका चाकामागे तीन-तीन माणसं उभी राहतील. त्यांना मजुरी कोण देणार, तुझा मामा?"

"म्हणजे माणसं मरतात म्हणून धंदा बरा चाललाय?"

"माझा बाप पस्तिशीत गेला, आजाही गेला. आमचा धंदाच तसा आहे, पोरी."

हे सांगताना त्याची मान ताठ होती, मित्रांनो. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. तो दुष्ट नव्हता. आपण लवकर गेलो तरच पाठीमागच्यांना काम मिळेल, असं तो मनापासून मानत होता.

मग तो कमी होऊ लागला. आधी चढ चढताना थांबायचा, मग जिन्यात, मग बूट घालताना. मी पावाचे जाड तुकडे कापायचे ते पातळ झाले. पुढे केझाया कडा काढून उरलेला गर दुधात भिजवू लागली. थाळीत राहिलेला घास बघून ती तोंड फिरवायची.

एक दिवस एनॉकने शेजारच्या चाकावरच्या जेबेझ ऑक्स्लीला बोलावून घेतलं.

"जेबेझ, पेट्या बसवा रे. मी चुकलो."

जेबेझ टोपी हातात फिरवत राहिला. "आजवर तूच समजावलंस, एनॉक, आणि आम्हाला ते पटलंय. आता आजारपणामुळे तुझं मन कच्चं झालंय. आधी बरा हो, मग बघू."

दुसऱ्या सकाळी एनॉक केझायाच्या खांद्यावर हात टाकून कारखान्यात गेला. त्याने आधीच आपल्या चाकासाठी मागवलेली पेटी आली होती. पेटीची धूळ ओढणारी लाकडी नळी जागेवर बसेना, तेव्हा त्याने मला खिशातून काढलं आणि तिचं तोंड तासलं. चार वेळा तासायचं आणि श्वास घ्यायला थांबायचं, असं दुपारपर्यंत चाललं. पंखा फिरू लागला. एनॉकमध्ये काटा धरण्याचं बळ नव्हतं, म्हणून मैत्रीखातर जेबेझ त्याच्या घोडीवर बसला आणि त्याने एक काटा घासला. धूळ उठली आणि मुकाट्याने नळीत गेली.

"एवढंच होतं," एनॉक म्हणाला.

आठव्या दिवशी तो गेला. वय पस्तीस.

त्या गडबडीत मी कारखान्यातच राहिले होते. महिन्याने जेबेझ मला परत द्यायला घरी आला. केझायाने मला हातात घेतलं आणि विचारलं, "पंखा चालू आहे ना, काका?"

"त्या जागी नवा माणूस आलाय," जेबेझ म्हणाला. "त्याने पहिल्याच दिवशी पंख्याचा पट्टा काढला. मंडळात अजून तेच ठरलेलं आहे." पुढचं बोलायला गेला आणि त्याला ढास लागली. भिंत धरून तो बराच वेळ खोकला.

"खोकला केव्हापासून आहे?"

"काही नाही गं, धंद्याचाच आहे."

मित्रांनो, सुरी झिजली की लोकांना लगेच दिसते, ते दुसरी आणतात. माणूस झिजताना दिसत नाही, कारण तो रोज थोडासाच झिजतो आणि 'काही नाही' म्हणतो. तुमच्या घरात, शेजारी, कामावर असं कुणी असेल तर त्याच्या 'काही नाही'वर विश्वास ठेवू नका. जेबेझला केझायाने विचारलं खरं, पण तोवर फार उशीर झाला होता.