कृष्णरावांच्या पायाच्या पेशी

बसच्या चाकाखाली चिरडलेला कृष्णरावांचा पाय कापावा लागला, तेव्हा त्यातला मज्जातंतूचा एक तुकडा त्यांच्याच संमतीने मधुमिताकडे आला. कुंभकोणमच्या एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत ती मज्जातंतूंना आधार देणाऱ्या पेशी वाढवायची. आधीच्या सगळ्या रुग्णांच्या पेशी चार दिवस वाढून मरून गेल्या होत्या. कृष्णरावांच्या तेवढ्या तगल्या, वाढतच राहिल्या. तिची पीएचडी आता त्यांच्यावरच उभी होती.

एका दुपारी कृष्णराव कुबड्या टेकत आले. जवळच्या नाचियार्कोविल गावात त्यांचं समयांचं दुकान. मधुमिता आपल्यातली, तंजावरी मराठी घरातली, हे कळताच त्यांनी तमिळ सोडून घरची मराठी धरली.

"अम्मा, माझा पाय अजून जिता अहे मणतात. खरं की?"

"पाय नाही मामा. त्यातल्या थोड्या पेशी."

"मणूनच जळतो. जो नाही तोच पाय रात्रंदिवस जळतो. मारून टाक त्यांना."

ही आग मेंदूत उठते, पेशींचा तिच्याशी संबंध नाही, हे तिने परोपरीनं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तू शिकलेली, खरंच सांगत असशील. पण जळतं मला."

संमती मागे घ्यायचा त्यांना हक्क होता. प्रयोगशाळेचे प्रमुख जानकीराम यांनी तो नाकारला नाही. "इथल्या मारून दाखव," ते म्हणाले. "गोठवलेल्या कुप्या चेन्नईच्या प्रयोगशाळेत गेल्यात, त्या परत यायच्या नाहीत. ते त्यांना सांगू नकोस."

मधुमिताने कृष्णरावांसमोर बाटल्यांत ब्लीच ओतलं. आतलं गुलाबी पाणी फिकं होत गेलं. त्यांनी हात जोडले.

थोड्या दिवसांनी ते पुन्हा आले. डोळे खोल गेले होते. "अजून जळतं. कुठं तरी उरल्यात, अम्मा. खरं बोल."

पेशी उरल्या होत्या, हे खरं. आग त्यांची नव्हती, हेही खरं. पण एक कबूल केलं की दुसरं ते कधीच मानणार नव्हते. आणि नाही म्हणावं, तर या माणसाच्या तोंडावर खोटं बोलायचं. काचेपलीकडे जानकीराम उभे होते.

"उरल्यात," ती म्हणाली. "चेन्नईला."

कृष्णराव चिडले नाहीत. स्टुलावर बसले. "मग त्यांना लिही."

तिने तिथंच बसून मेल लिहिला, त्यांना वाचून दाखवला आणि पाठवला. जानकीराम त्यानंतर तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. काम मात्र त्यांनी काढून घेतलं नाही. त्याच पेशींवरचं प्रबंधाचं प्रकरण पुरं करायला सांगितलं. नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. ती लिहीत राहिली.

चेन्नईहून उत्तर आलेलं नाही. कृष्णराव दर शुक्रवारी बसने येतात आणि बाहेरच्या बाकावर बसतात. मधुमिता कॉफी घेऊन जाते.

"आलं की उत्तर?"

"नाही, मामा."

ते मान हलवतात. कॉफी संपते, तरी दोघांनाही उठवत नाही.