क्लच नसलेली गाडी

भावोजींच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं असतात: क्लच हळू सोडणारी आणि वाया गेलेली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शेजारच्या सीटवर बसून उभा जन्म काढल्यामुळे असेल, पण घरात कुणी दार आपटलं तरी ते "क्लच सोडतेयस की काय?" म्हणतात. एखाद्या विद्यार्थ्यावर फारच खूश झाले तर म्हणतात, "छान सोडलास." याच्या पुढचं कौतुक त्यांच्याकडे नाही. माझी ताई त्यांचीच विद्यार्थिनी, पुढे बायको झाली, पण तिला हे वाक्य कधी मिळालं नाही. तरी भावोजी शेजारून "क्लच" म्हणाले की तिचा डावा पाय खाली जायचाच, विचारबिचार न करता. "संसारात नवऱ्याचं एवढं एकच ऐकतेस," असं मी तिला चिडवायचे.

अपघात झाला आणि ते चिडवणं बंद पडलं. स्कूटरखाली ताईच्या डाव्या पायाची नस दुखावली. गुडघा वाकतो, मांडीत जोर आहे, पण पंजा वर उचलला जात नाही. गाडीत बसताना ती दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय आत घेते, आणि तेव्हा आपण दुसरीकडे बघायचं असतं.

ताई नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती जखमा धुते, पट्ट्या बदलते, त्यांच्या सुनांची गाऱ्हाणीही ऐकून घेते. तिच्या संस्थेने स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी स्वतःची गाडी घेऊन आलात तर तुमचे पेशंट तुम्हाला, नाहीतर ऑफिसात फोन उचलायला बसा. ताईला फोनपाशी बसवायचं म्हणजे तिचं जगणंच काढून घ्यायचं. तेव्हा क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गाडी हवी होती, आणि आमच्या खिशाला परवडेल अशी म्हणजे जुनीच.

"सगळं गाडीच करणार, तर माणसाने काय खिडकीतून बघत बसायचं?" भावोजी कुरकुरले, पण शोधायला तेच आधी निघाले.

दोन गाड्या हाताशी आल्या. एक एका ग्रंथपाल बाईंची. रंग विटलेला, मागच्या दाराला पोचा, चाललेलीही बरीच. बाईंची नजर अधू झाली म्हणून त्या विकत होत्या. "सकाळी लवकर या. मी गाडी चालू करणार नाही, थंड असतानाच तुम्ही करून बघा, खोड असली तर तेव्हाच कळते," असं त्यांनी आपणहून फोनवर सांगितलं होतं. भावोजींनी फोटो पाहूनच नाक मुरडलं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याच्या दारात पोचा पडलेली गाडी शोभत नाही म्हणे.

दुसरी गाडी पांढऱ्या बुटांच्या एका गृहस्थांची. किंमत तेवढीच, पण गाडी नव्यासारखी लकलकीत आणि चाललेली अगदी कमी. शनिवारी दुपारी आम्ही तिघं त्यांच्या गेटपाशी पोचलो तेव्हा ते फडक्याने आरसा पुसत उभे होते. मी सहज बॉनेटवर हात ठेवला. चांगलंच तापलेलं होतं.

"आत्ताच बाहेरून आलात का?" मी विचारलं.

"नाही नाही, तुमच्यासाठी जरा चालू करून ठेवली होती," पांढरे बूट म्हणाले. "अजून एक जण संध्याकाळी येतायत. ते घेणारच म्हणतायत, पण मी म्हटलं, नर्सबाईंना आधी दाखवू."

मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. दिवसभर "चिठ्ठी घरी राहिली" सांगणारी माणसं पाहून माझा गोड बोलण्यावरचा विश्वास केव्हाच उडालाय. पण ताईचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. ती स्टिअरिंगवर असा हात फिरवत होती की मला तिचा राग आला आणि कीवही. अपघातानंतर ती पहिल्यांदाच चालकाच्या सीटवर बसत होती.

भावोजी सवयीने तिच्या शेजारी बसले. मी आणि पांढरे बूट मागे. गल्लीतून गाडी लोण्यासारखी निघाली. वळणं झाली, सिग्नल झाला, ताईचे खांदे जरा खाली आले. मग भावोजी म्हणाले, "पाण्याच्या टाकीकडे घे. चढ बघू."

"चढ कशाला?" पांढरे बूट म्हणाले. "तिकडे रस्ता फार खराब आहे हो."

रस्ता छान होता. अरुंद मात्र होता, आणि आमच्या मागे एक टेम्पो लागला होता. अर्धा चढ नीट गेला. मग जे झालं ते इतकं भरभर झालं की मला तेव्हा नीट कळलंही नाही. इंजिन मोठ्याने ओरडायला लागलं. भावोजी ओरडले, "क्लच! क्लच दाब!" ताईचा डावा पाय धाडकन खाली गेला, क्लचच्या जागेवर. तिथे ब्रेकचं रुंद पेडल होतं.

गाडी जागच्या जागी थिजली. आमची डोकी पुढच्या सीटवर आपटली. मागे टेम्पोचे ब्रेक किंचाळले. ताईला पाय काढता येईना. पंजा उचलला जात नव्हता, बुटाची कड पेडलला अडकली होती. तिने दोन्ही हातांनी गुडघा ओढला आणि पाय सुटला, पण उजव्या पायाने ब्रेक धरेपर्यंत गाडी हातभर मागे सरकली. टेम्पोवाला खाली उतरून काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

भावोजींनी गाडी परत आणली. गेटपाशी उतरल्यावर पांढरे बूट फार मायेने म्हणाले, "बाईंचा पाय अजून सुधारला नाही वाटतं. गाडीचं काय, गाडी अप्रतिम आहे. घेऊन ठेवा, हे चालवतील."

"चूक माझी," भावोजी म्हणाले. या माणसाने आयुष्यात चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती, आणि केली तीही नको त्या वेळी. "क्लच नसलेल्या गाडीत क्लच ओरडलो. गाडीचा दोष नाही."

ताई गेटला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक. "मी फोनवर बसेन," ती हळूच म्हणाली. "उद्या कुणा पेशंटच्या दारात लहान मूल असलं तर? नको. मला नाही जमायचं."

मला रडू येण्याच्या आधी राग येतो, तसा आला. तो काढायला समोर भावोजीच होते. "पण तुम्ही ओरडलात कशाला? बरी चालली होती ना ती?"

"अगं, ओरडलो म्हणजे…" ते थांबले. कपाळावर आठ्या पडल्या. "इंजिनचा आवाज चढला, आणि गाडी पुढे जाईना. शिकाऊ माणूस अर्धवट क्लचवर चढ चढतो ना, तेव्हा अस्सा आवाज येतो. तो आवाज आला की मी ओरडतोच."

"म्हणजे आवाज आधी आला?"

"आधीच. म्हणून तर ओरडलो."

"आणि ताईचा पाय तुम्ही ओरडल्यावर गेला."

भावोजी माझ्याकडे बघत राहिले. मग गाडीकडे. "क्लचच नाही तर अर्धवट दाबणार कोण?" ते स्वतःशीच म्हणाले. "आतल्या आत निसटतंय. गियरबॉक्स इंजिनची पकड धरत नाहीये."

"काहीतरीच काय," पांढरे बूट म्हणाले. किल्ली त्यांच्या हातात होती, ती त्यांनी खिशात टाकली. "तुमच्याकडून गाडीला काही झालं असेल तर भरून द्यावं लागेल हं. उलट मीच ऐकून घेतोय."

ताईने हात पुढे केला. पेशंटच्या घरी इंजेक्शनला घाबरणाऱ्यापुढे करते तसा, सावकाश, मागे न घेण्यासाठी. "किल्ली द्या. परत चढावर नेते."

"अगं, नको," भावोजी म्हणाले.

"तुम्ही मागे बसायचं. आणि तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी." मग ती पांढऱ्या बुटांकडे वळली. "गाडी अप्रतिम असेल तर चढेल. चढली की पैसे आत्ता देते."

पैशाचं नाव काढल्यावर किल्ली बाहेर आली.

या खेपेला शेजारी मी होते, भावोजी आणि पांढरे बूट मागे. ताईने डावा पाय हातांनी उचलून सीटपाशी पार मागे सरकवला. तिच्या ओठावर घाम होता. चढ सुरू झाला. मी मागे वळून पाहिलं, रस्ता रिकामा होता, देवाची कृपा. अर्ध्यावर पोचलो आणि तोच आवाज आला. इंजिन बोंबलतंय, काटा वर चाललाय, आणि शेजारची भिंत मात्र जागची हलत नाही. ताईने ॲक्सिलरेटर आणखी दाबला. भिंत हळूहळू उलटी, पुढे जायला लागली. आम्ही मागे घसरत होतो.

मला वाटलं, आता मागून भावोजी ओरडणार आणि आता आपण मेलो.

भावोजी ओरडले नाहीत. ताईचा उजवा पाय उचलला गेला, ब्रेकवर आला आणि गाडी थांबली. तिने गियरचा दांडा 'पार्क'वर नेला, हँडब्रेक ओढला, मग म्हणाली, "आता तुमची गाडी तुम्ही खाली न्या."

पांढरे बूट चालकाच्या सीटकडे गेले. आम्ही पायी खाली आलो.

रविवारी सकाळी ग्रंथपाल बाईंच्या दारात उभे राहिलो तेव्हा त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर दव होतं. ताईने गाडी चालू केली. दांडा मागे, पुढे, परत मागे केला. ना दणका, ना विलंब. "टाकीच्या चढावर नेऊ का?" तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "न्या की. मी रोज तिकडूनच जायचे."

भावोजी पोचा पडलेल्या दाराकडून चढायला गेले, ते दार उघडेना, म्हणून वळसा घालून निमूटपणे पलीकडून मागे बसले. चढाच्या मध्यावर पुढचा ट्रक अचानक थांबला. ताईही थांबली. पुढे ट्रक, मागे गाड्यांची रांग, आणि आम्ही उतारावर लटकलेले. मी मागे वळून पाहिलं. भावोजींचे ओठ घट्ट मिटलेले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि डावा पाय गाडीच्या तळाशी सगळ्या ताकदीने रोवलेला.

ट्रक हलला. ताईने ब्रेक सोडला, उजवा पाय पलीकडे नेला. गाडी बोटभर मागे आली, मग तिने पकड धरली आणि कुरकुर न करता वर निघाली, थेट टाकीपर्यंत.

"बोला आता," ताई आरशात बघत म्हणाली. "बोललात तरी चालेल."

भावोजींनी घसा साफ केला.

"छान सोडलास," ते म्हणाले.

ताई हसली, मग रडली, आणि गाडी मात्र सरळ चालवत राहिली.